उजवीकडचा दिवा

"उजवीकडं," तात्या खालून म्हणाले.

मी शिडीवर होतो. एका हातात हॅलोजन, दुसऱ्या हातानं छताचा अँगल धरलेला, तोंडात दोन स्क्रू. स्क्रू हातात घेऊन मी विचारलं, "माझ्या उजवीकडं का तुमच्या?"

"दगडापुढं जो उभा ऱ्हाईल त्याच्या."

"मग डावीकडं म्हणा की."

"उजवीकडं म्हणालो मी."

"तात्या, उजवीकडं दिवा लावला तर हातोडीची सावली कामावर पडंल."

"पडू दे. तू लाव."

मी लावला. खाली उतरून बटण दाबलं. तात्यांनी काळ्या दगडाचा एक टाकाऊ तुकडा समोर ओढला, उजव्या हातात हातोडी आणि डाव्या हातात छिन्नी घेतली आणि ठोके घालायला सुरुवात केली. मी सांगितलं होतं तसंच झालं. हातोडी वर गेली की छिन्नीचं टोक उजेडात, खाली आली की अंधारात. पाच-सहा ठोक्यांत म्हाताऱ्याच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली आणि हातोडी खाली ठेवली. मला मनातून बरं वाटलं. मी शिडी डावीकडं सरकवायला घेतली.

"कुठं चाललास शिडी घेऊन?"

"दिवा काढतो ना."

"कशाला? बरोबर हाय त्यो," तात्या म्हणाले आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसत बाहेर गेले.

ही गोष्ट आता बरीच जुनी झाली. तेव्हा कोरेगावच्या बाजारपेठेत माझं इलेक्ट्रिकचं लहानसं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा मी लग्नाच्या मांडवात नाहीतर कुणाच्या तरी अर्धवट बांधलेल्या घरात जास्त सापडायचो. माझा स्वभाव असा की वायर कुठून आली आणि कुठं गेली हे कळलं नाही तर मला जेवण गोड लागत नाही. आणि नेमकं तेच मला त्या शेडमध्ये कळत नव्हतं.

भिकू पाथरवट म्हणजे तात्या गावाबाहेर फाट्यावर राहायचे. मारुती, म्हसोबा, नंदी, जोगेश्वरी. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे निम्मे देव त्यांच्या हातचे. रस्ता रुंद करताना त्यांची रस्त्याकडेची जुनी शेड पाडली गेली, म्हणून घराच्या मागं त्यांनी नवी बांधायला काढली. तिचं वायरिंग आणि दिवे माझ्याकडं आले. घरात तात्या आणि हौसाकाकू अशी दोघंच. एक मुलगी होती, ती बाहेर कुठंतरी असते एवढं मी ऐकून होतो. तिचा विषय त्या घरात निघत नसे.

काम देतानाच तात्यांनी मला सांगितलं होतं, "बेळगावास्नं एक कारागीर येणार हाय, त्रिपुरी पुनवंच्या आत. जागा बघून ठरवायचंय म्हणून निरोप आलाय. पटली तर कारखाना पुढं चालंल. न्हाई पटली तर मी बी आता थकलो. फरशीवाल्याला जागा दिऊन मोकळा हुतो."

हा फरशीवाला दर आठवड्याला कुंपणाबाहेर मोटारसायकल थांबवून जागा डोळ्यांनी मोजून जायचा. मला तो माणूस आवडत नसे. तात्या मला आवडायचे. त्यामुळं ही शेड बेळगावच्या कारागिराला पसंत पडली पाहिजे, हे मी माझंच काम समजून बसलो होतो, आणि तात्या एकेक गोष्ट अशी करून घेत होते की कुठलाही शहाणा कारागीर उलट्या पावली बेळगाव गाठेल.

दगड ठेवायची जागाच बघा. उत्तरेला मोठी खिडकी काढली होती. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, ऊन अंगावर येत नाही, हे ठीक. पण तात्यांच्या घरात देवाचं काम पूर्वेला तोंड करून करायची रीत. तसं उभं राहिलं की खिडकी आपसूक डाव्या हाताला येते. तात्यांनी काम करणाऱ्याचं तोंड केलं पश्चिमेला. खिडकी आली उजव्या हाताला, आणि दार गेलं पाठीमागं. कोण आलं, कोण गेलं, कळायला मार्ग नाही. गवंडी सांगून सांगून दमला होता. हातोड्या अडकवायची फळी त्यांनी डाव्या भिंतीला ठोकून घेतली, म्हणजे हातोडी घ्यायची तर उजवा हात अंगावरून पलीकडं न्यायचा. आता दिवाही उजवीकडं.

"ट्यूब तरी लावू का एक, मधोमध?" मी एकदा विचारून बघितलं. "सगळीकडं सारखा उजेड पडंल. सावलीचा प्रश्नच मिटला."

"ट्यूबखाली दगड मेल्यागत दिसतो," तात्या म्हणाले. "नाक कुठं आन् गाल कुठं, कळत न्हाई. उजेड आडवा पायजे. एका अंगानंच पायजे."

"एका अंगानं, हे मला पटलं. पण कुठल्या?"

"सांगितलं की."

दुसऱ्या दिवशी सुतारानं घडवंची आणली. तिच्यावर दगड ठेवून काम करायचं. तात्या ताडमाड उंच. त्यांनी घडवंचीपुढं उभं राहून बघितलं, मग मला हाक मारली.

"निसार, हितं ये. उभा ऱ्हा असा, काम करताना उभं ऱ्हात्यात तसा."

मी उभा राहिलो. मी काही उंच माणूस नव्हे. शिडी आहे म्हणून माझा धंदा चालतो. तात्या चार पावलं मागं गेले, डोळे बारीक करून माझ्याकडं बघत राहिले, मग पुढं येऊन त्यांनी आपला हात माझ्या भुवईला आडवा लावला.

"हितवर," ते सुताराला म्हणाले.

"काय हितवर?" मी विचारलं.

"डोस्कं हितवर येतंय. त्या मापानं घडवंची खाली घे. चार बोटं तरी."

"कुणाचं डोकं, तात्या?"

"तू हलू नगंस."

सुतारानं माझ्याकडं बघितलं, मी सुताराकडं. त्यानं मुकाट्यानं माप घेतलं. तात्यांनी मला हात वर करायला लावला, खाली करायला लावला, वाकायला लावलं, आणि दिव्याचा दांडाही त्याच मापानं खाली घेतला. मी मनात म्हटलं, बेळगावचा कारागीर माझ्याहून बुटका आहे, हे यांना कुणीतरी कळवलं असणार. एवढ्यापुरतं माझं समाधान झालं. पण बुटक्या माणसालाही सावलीत दिसत नाही, हे होतंच.

संध्याकाळी घरी रेहानाला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"वय झालं त्यांचं," ती म्हणाली. "माझ्या आजोबांना शेवटी शेवटी चपलासुद्धा उलट्या पायात जायच्या."

"चपलांचं वेगळं. हा माणूस दगडावर रेघ ओढतो ती सुतात असते."

"मग डोळे गेले असतील. डोळे गेले की माणूस कबूल करत नाही, दिव्याला नावं ठेवतो."

हे मला पटलं. सकाळी गेल्या गेल्या मी तात्यांना म्हणालो, "तात्या, साताऱ्याला डोळे तपासून देत्यात. मी घेऊन जातो. गाडी आहेच."

तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "हौसा, सुईदोरा आण गं."

काकूंनी आणला. तात्यांनी पहिल्याच झटक्यात दोरा ओवला, परत काढला आणि सुई माझ्या हातात दिली. "आता तू ओव."

मला काही केल्या ओवता येईना. दोऱ्याचं टोक ओलं करून बघितलं, उजेडाकडं धरून बघितलं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"साताऱ्याला तूच जाऊन ये," तात्या म्हणाले आणि कामाला लागले.

मला राग आला होता, पण काळजी त्याहून जास्त होती. पौर्णिमा जवळ येत होती. शेवटी मी माझ्या डोक्यानं एक गोष्ट केली. तात्या जेवायला गेले असताना डाव्या भिंतीवर, वाशाच्या आडोशाला, एक होल्डर बसवला आणि वायर वरच्या वर छतातून नेली. कुणाला दिसू नये अशी. म्हटलं, बेळगावचा माणूस कुरकुरला, तर पटकन डावीकडं दिवा लावून देऊ आणि वेळ मारून नेऊ.

तात्यांनी ती वायर जेवून आल्यावर ढेकर देता देताच बघितली.

"ह्ये काय?"

"असू द्या, तात्या. लागला तर लागला."

"उपट."

"अहो, पण त्या माणसाला..."

"उपट म्हणतो ना." त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "ह्या शेडमधी डावीकडं दिवा दिसता कामा न्हाई. बघितला की वाटंल, म्हाताऱ्यानं अजून आपलंच चालवलंय. उपट, आन् भिंतीला भोक ऱ्हायलं तर सिमेंट भर."

मी उपटला. भोकात सिमेंट भरलं. 'आपलंच चालवलंय' म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग ती दुपार. मी पंखा बसवायला गेलो, धूळ बाहेर ओढणारा. लांबूनच ठोके ऐकू येत होते, आणि ते तात्यांचे वाटेनात. तात्यांचा ठोका एका लयीत पडायचा. ऐकताना झोप यावी असा. हे ठोके अडखळत होते. एक जोरात, एक हळू, मधेच एक छिन्नीला चुकवून थेट दगडावर. मी दारातून डोकावलो. तात्या माझ्याकडं पाठ करून उभे होते, त्या बुटक्या घडवंचीवर वाकलेले, आणि त्यांच्या डाव्या हातात हातोडी होती.

मी बघत असतानाच छिन्नी निसटली आणि हातोडी अंगठ्यावर बसली. त्यांनी अंगठा तोंडात धरला, मग पुन्हा हातोडी डाव्याच हातात घेतली.

मी तसाच मागच्या मागं घरात पळालो. काकू भाकरी थापत होत्या.

"काकू, तात्यांची उजवी बाजू गेली."

"आँ?"

"हात चालेना त्यांचा उजवा. डाव्यानं ठोकायला लागलेत. मी गाडी काढतो, दवाखान्यात नेऊ."

काकू पिठाच्या हातानंच उठल्या आणि माझ्या मागं धावल्या. दारात येऊन थांबल्या. आत तात्यांनी डाव्या हातानं एक ठोका घातला, मान वर करून उजवीकडच्या दिव्याकडं बघितलं, मग छिन्नीच्या टोकाकडं बघितलं. टोकावर सावली नव्हती. पुन्हा एक ठोका, पुन्हा दिव्याकडं नजर. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि मग तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

"काकू, उशीर नको करायला."

"कशाला उशीर?"

"उजवा हात..."

"उजवा हात चांगला हाय त्यांचा." त्यांनी पिठाच्या हातानंच डोळे पुसले, त्यामुळं गालाला पीठ लागलं. "त्यांच्या ध्यानात ऱ्हायलंय म्हणायचं."

"काय ध्यानात राहिलंय?"

"चल, गरम भाकरी खा. तव्यावरची करपली असंल."

मी भाकरी खाल्ली. त्या घरात मला कुणी सरळ उत्तर देईल तर शपथ. रेहानाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आता तुमचेच डोळे तपासून घ्या."

कारागीर यायचा तो दिवस उजाडला. मला तिथं जायचं कारण नव्हतं, काम संपलं होतं. पण पहिल्यांदा दिवे लावताना मी असलेला बरा, असं सांगून गेलो. तात्यांनी अंघोळ करून धुतलेला पटका बांधला होता आणि शेडचा झाडू कुणाच्या हातात देत नव्हते. झाडून झालं की थोडी धूळ दिसायची, की पुन्हा झाडायचे. घडवंचीवर काळ्या दगडाची एक चांगली, कुठंही चीर नसलेली शिळा ठेवली होती.

दुपारी एक बाई फाट्याकडून चालत आली. चाळिशीची असेल. खांद्याला पिशवी, नऊवारी नाही, साधी गोल साडी वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट. मला वाटलं, देव घडवून मागायला आलेलं गिऱ्हाईक असेल. तेवढ्यात काकू भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आल्या आणि तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकला. बाई वाकून काकूंच्या पाया पडली, मग तात्यांच्या.

"आलीस," तात्या म्हणाले.

"आले."

तेवढंच. मी तिच्या मागं रस्त्याकडं बघत होतो. कुणीच येत नव्हतं. मी काकूंच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "काकू, कारागीर कुठाय?"

"ही काय," काकू म्हणाल्या. "शालन. माझी लेक."

तात्या तिला घेऊन शेडकडं निघाले. काकूंनी माझी बाही धरून मला मागं ठेवलं आणि चालता चालता, आवाज खाली करून, सगळं सांगून टाकलं. इतके दिवस एक अक्षर न बोललेल्या बाईला आता थांबवेना.

"दगडावर हात बसला हुता पोरीचा ल्हानपणापास्नं. पर डावा. हातोडी डाव्याच हातात धरायची. ह्ये म्हणायचे, डाव्या हातानं देव घडवायचा नसतो, पाप लागतं. ऐकंना, तवा हिचा डावा हात कमरंला बांधून ठिवायचे. दिस दिस बांधलेला. मी सोडायला गेले तर माझ्यावर वरडायचे. मग एक दिस गेली निघून, माझ्या भावाकडं, बेळगावला. तिथं थडग्याचं दगड घडवायच्या कारखान्यात लागली. लगीन बी केलं न्हाई. इतकी वर्सं झाली, ह्या उंबऱ्याला पाय लावला न्हाई तिनं. आता ह्यांनीच निरोप धाडला, तुझ्यासाठनं जागा करतुया, यिऊन बघ, म्हणून. माझ्याजवळ त्या हाताचं कधी तोंडानं बोलले न्हाईत. तुझ्या त्या दिव्यावरनं मला कळलं."

इतके दिवस कुठंच न जुळणाऱ्या सगळ्या वायरी एकदम जुळल्या. पश्चिमेचं तोंड, उजवीकडची खिडकी, डावीकडच्या हातोड्या, माझी भुवई. डावखुऱ्या माणसाला दिवा उजवीकडंच लागणार. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. मी पुढं धावलो आणि शेडमध्ये जाऊन, मांडवात सुद्धा कधी दाबलं नसेल अशा थाटात बटण दाबलं.

शालनताई आत आली आणि दारापासच थांबली. तिनं खिडकी बघितली, दिवा बघितला, डाव्या भिंतीवरच्या हातोड्या बघितल्या. घडवंचीपुढं जाऊन उभी राहिली. शिळा बरोबर तिच्या हाताच्या उंचीला आली. तिनं घडवंचीच्या लाकडावरून हात फिरवला.

"माप कुणी दिलं?"

"मी," तात्या म्हणाले.

"तुम्ही कुठं बघितलंसा मला, एवढ्यात?"

तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्याच्या भुवईवरनं घेतलं. गेलीस तवा तेवढीच हुतीस."

ती माझ्याकडं बघून जराशी हसली. मला उगीचच संकोच झाला. तात्यांचा चेहरा मी त्या दिवसाआधी किंवा नंतर तसा बघितला नाही. शाळेच्या निकालाला उभं केल्यासारखा म्हातारा उभा होता.

"बघ की चालवून," ते म्हणाले.

तिनं हातोडी घेतली. घेताना तिचा उजवा हात अंगावरून पलीकडं गेला आणि उजव्याच हातात हातोडी राहिली. डाव्या हातात तिनं छिन्नी धरली. आणि ठोके घालायला लागली. काय ठोके होते. हुबेहूब तात्यांची लय. आणि प्रत्येक ठोक्याला हातोडीची सावली छिन्नीच्या टोकावर येत होती, जात होती, येत होती.

मी बघितलं. काकूंनी बघितलं. तात्या तर दुसरीकडं कुठं बघतच नव्हते.

ती थांबली.

"डाव्या हातात घे," तात्या म्हणाले.

तिनं छिन्नीच्या टोकावरची धूळ पुसली.

"आता कोण काय म्हणत न्हाई. मी बी न्हाई. डाव्या हातात घे, शालन."

"येत न्हाई, तात्या."

"का?"

"का म्हंजी? तुम्हीच उजवा लावलासा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तात्यांना सोसलं असतं, असं मला वाटलं. "बेळगावला गेल्यावर पयल्यांदा घ्यायची डाव्यात. कोण अडवणारं न्हवतं. पर दंड आखडायचा, ठोका भलतीकडंच जायचा. मग दिलं सोडून. आता डाव्या हातानं मला साधा खिळा बी ठोकता येत न्हाई."

तात्यांनी इतकी वर्षं तिला काम करताना बघितलंच नव्हतं. ते डोळ्यांपुढं आणत राहिले होते ती हात बांधलेली पोर, आणि तो हात सोडला की पोरगी पुन्हा डाव्या हातानं काम करेल, एवढं धरून त्यांनी शेड उभी केली होती.

मग एकाएकी ते हातोड्यांच्या फळीकडं गेले आणि एकेक हातोडी काढायला लागले.

"निसार, दिवा काढ. डावीकडं घे."

"आत्ता?"

"आत्ता. आन् ही फळी उजवीकडं. खिडकी बी डावीकडं पाडायची. मी गवंड्याला बोलवतो." त्यांच्या हातातून एक हातोडी निसटून फरशीवर पडली. ते वाकले, ती उचलली, दुसरी पडली. "दिवा काढ की रं. बघत काय उभा ऱ्हायलायस?"

मी शिडी लावली आणि चढलो. दिव्याचा स्क्रू मला दिसेना. मला रडू आलं होतं, आणि मी तर दिवे लावायला आलेला माणूस, माझा ह्यात काय संबंध, हेही मला कळत नव्हतं.

"भाऊ, खाली उतरा," शालनताई म्हणाली.

मी तात्यांकडं बघितलं.

"उतरा तुम्ही. तात्या, ठेवा त्या हातोड्या. होत्या तिथंच ठेवा."

"तुला सावली पडंल."

"उद्या फिरवू सगळं. मी पण हात लावते. आजचा दिवस ऱ्हाऊ द्या असंच." तिनं हातातली हातोडी घडवंचीवर ठेवली. "मला बघायचंय."

तात्या हातोड्या तशाच छातीशी धरून उभे राहिले. काकूंनी त्या त्यांच्या हातातून काढून घेतल्या आणि पुन्हा डाव्या भिंतीला अडकवल्या, आधी होत्या त्या क्रमानं. तात्या बाहेर निघून गेले. शालनताई खिडकीखालच्या कट्ट्यावर बसली. तिथून सगळी शेड दिसत होती. ती दिव्याकडं बघायची, फळीकडं बघायची, घडवंचीकडं बघायची, आणि तिचा डावा हात मांडीवर उताणा पडलेला होता. काकू तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला. मी शिडी घडी करून भिंतीला लावली, परत काढली, परत लावली. जावं की थांबावं, ते कळेना.

बऱ्याच वेळानं ती उठून माझ्याजवळ आली.

"भाऊ, गाडी हाय का तुमच्याजवळ?"

"हाय की," मी म्हणालो, आणि मला वाटलं, ही परत निघाली. बेळगावची गाडी साताऱ्याहून संध्याकाळी असते, हे मला माहीत होतं. "स्टँडवर सोडू का?"

"मला न्हाई सोडायचं. स्टँडवर कंट्रोलरजवळ माझी पेटी ठेवलीया. छिन्न्यांची. हितवर आणायची का न्हाई, ते ठरत न्हवतं माझं. तेवढी आणशीला का?"

मी बाहेर आलो. तात्या कुंपणाच्या भिंतीला हात टेकून रस्त्याकडं बघत उभे होते.

"तात्या, मी जरा स्टँडवर जाऊन येतो. पेटी आणायची आहे."

"कसली पेटी?"

"ताईंची. छिन्न्यांची. तिथं ठेवून आल्यात."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी थट्टा करतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी पटका नीट केला, आणि मी गाडीला किक मारायच्या आत मागं येऊन बसले.

स्टँडवर कंट्रोलरनं टेबलाखालची पत्र्याची पेटी दाखवली आणि म्हणाला, "हमाल बोलवा, बाईनं कशी आणली देव जाणे." तात्यांनी हमालाला हात लावू दिला नाही, मलाही नाही. एकट्यानं उचलली, गाडीवर मागं बसले आणि पेटी मांडीवर घेतली. पेटीची कड माझ्या पाठीत रुतत होती.

"हळू घे," फाट्याच्या वाटेला लागल्यावर ते म्हणाले. "पुढं खड्डा हाय."

"तात्या, लोखंडाच्या छिन्न्या आहेत त्या. त्यांना काय होणार आहे?"

"तू हळू घे."

लोखंडाला खड्ड्यानं काय होणार होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी गाडी हळू घेतली.